हळद, कुरकुमीन आणि कॅप्सूल: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या महिन्यात सांधेदुखीच्या गोळ्यांविषयी लिहिताना मी हळदीचा ओझरता उल्लेख केला होता. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे गोळ्यांविषयी नसून हळदीविषयीच निघाली, आणि सांगलीत राहणाऱ्या माणसाला याचे आश्चर्य वाटायचे कारण नाही. माझे वडील मार्केट यार्डातल्या एका पेढीवर दिवाणजी होते. सौद्यांच्या हंगामात ते घरी येत तेव्हा धोतराचा काठ, चोपडीच्या कडा आणि बोटांची पेरे पिवळी झालेली असत, आणि आई त्या धोतराला साबण लावी तेव्हा पिवळ्या डागाचा लालभडक डाग होई. दुसऱ्या दिवशी दोरीवर उन्हात तोच डाग निम्मा उडालेला असे. पुढे तीस वर्षे औषधनिर्माणशास्त्र शिकवताना हळदीच्या रसायनाचा पहिला धडा मी याच धोतरावरून देत आलो: हळदीतले पिवळे द्रव्य, म्हणजे कुरकुमीन, क्षारात लाल होते (हळदीचे कुंकू होते ते याच गुणामुळे), उजेडात विरते आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. खालच्या बऱ्याच उत्तरांचे मूळ या तीन गोष्टींत आहे.

उत्तरे वाचण्यापूर्वी एवढेच ध्यानात घ्यावे की आमटीतली हळद, तिच्यातून वेगळे काढलेले कुरकुमीन आणि रक्तात जास्त शोषले जावे म्हणून मुद्दाम बनवलेली कॅप्सूल या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. एकीचा पुरावा दुसरीला लावला जातो, आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

माझे वय 62 आहे. दोन्ही गुडघ्यांची झीज झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. मी रोज रात्री अर्धा चमचा हळद घालून दूध घेते. मुलगा म्हणतो, त्याऐवजी कुरकुमीनच्या कॅप्सूल घे. दुधातली हळद पुरेशी नाही का? (मिरज)

आपल्या दुखण्यापासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण हळदीविषयी माणसांवर झालेल्या चाचण्यांत गुडघ्यांच्या झिजेचा पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे. थायलंडमध्ये झालेली आणि 2014 साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी यात नेहमी सांगितली जाते. गुडघेदुखीच्या 367 रुग्णांचे दोन गट करून एका गटाला रोज 1200 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन हे नेहमीचे वेदनाशामक आणि दुसऱ्याला रोज 1500 मिलिग्रॅम हळदीचा अर्क चार आठवडे दिला गेला. वेदना कमी होण्याच्या बाबतीत अर्क आयबुप्रोफेनपेक्षा मागे पडला नाही, आणि पोटदुखी व पोटाच्या अस्वस्थतेच्या तक्रारी अर्काच्या गटात कमी होत्या. चाचणी नीट आखलेली होती, हे मान्य केलेच पाहिजे.

आता तिच्या मर्यादा. चार आठवडे हा काळ लहान आहे. गुडघ्यांची झीज वर्षानुवर्षे सोबत करते. शिवाय या चाचणीत दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणारा तिसरा गट नव्हता, आणि गुडघेदुखीत निव्वळ गोळी घेतल्याच्या समाधानानेही बराच फरक पडलेला दिसतो. झिजलेली कुर्चा हळदीने पुन्हा भरून आली, असे तर या चाचणीने म्हटलेलेच नाही. दुखणे कमी झाले, इतकेच तिने दाखवले.

आपल्या दुधाचा हिशेब यावरून मांडता येतो. अर्धा चमचा म्हणजे साधारण दीड ग्रॅम हळद. बाजारातल्या हळदपुडीत कुरकुमीन आणि त्याच्या भावंड-द्रव्यांचे प्रमाण तीन टक्के धरले तर आपल्या पेल्यात सुमारे 45 मिलिग्रॅम कुरकुमीन जाते. थायलंडच्या चाचणीतला अर्क घट्ट केलेला होता. तेवढे कुरकुमीन साध्या हळदीतून मिळवायचे तर दिवसाला पन्नासेक ग्रॅम, म्हणजे सोळा-सतरा चमचे हळद खावी लागेल. तेव्हा मुलाचे म्हणणे हिशेबाला धरून आहे. मात्र दूध बंद करण्याचे कारण मला दिसत नाही, कारण ते अन्न आहे आणि आपल्याला त्याने झोप बरी लागत असेल तर तो लाभ खराच आहे. कॅप्सूल घ्यायचीच असेल तर रक्त पातळ करणारी गोळी, पित्ताशयातले खडे किंवा यकृताचा जुना विकार यांपैकी काही आहे का, हे आधी डॉक्टरांना सांगावे, चार ते सहा आठवडे घेऊन पाहावी, आणि जिना उतरताना दुखणे किती आहे याची रोज वहीत नोंद करावी. फरक नसेल तर थांबवावी. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन चार-पाच किलोने कमी करणे यांचा पुरावा कोणत्याही कॅप्सूलपेक्षा भक्कम आहे, पण त्यांची जाहिरात कोणी करत नाही.

हळदीत मिरपूड घातली की तिचा गुण दोन हजार टक्क्यांनी वाढतो, असे सगळीकडे सांगतात. हे खरे आहे का? (तासगाव)

आकडा खरा आहे, अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी 1998 साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी स्वयंसेवकांना दोन ग्रॅम कुरकुमीन नुसते दिले तेव्हा ते रक्तात सापडलेच नाही किंवा अगदी नाममात्र सापडले. सोबत मिऱ्यातले पायपरीन हे द्रव्य 20 मिलिग्रॅम दिल्यावर रक्तातले प्रमाण दोन हजार टक्क्यांनी वाढले. म्हणजे वाढली ती रक्तातली मात्रा. औषधाचा गुण त्या प्रयोगात मोजलेलाच नव्हता. आणि जवळजवळ शून्याचे वीसपट केले तरी ते थोडेच असते. खिशात चार आणे असलेल्याला पाच रुपये मिळावेत, तसे हे आहे.

याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. आपले आतडे आणि यकृत बाहेरून आलेल्या द्रव्यांना पाण्यात विरघळणारे रूप देऊन चटकन बाहेर काढतात, आणि पायपरीन त्याच कामात अडथळा आणते. तो अडथळा फक्त कुरकुमीनपुरता राहत नाही. फिट्सवरच्या फेनिटॉइनसारख्या औषधाची रक्तातली पातळीही त्यामुळे वाढू शकते. भाजीतल्या चिमूटभर मिरपुडीची चिंता करू नये; पायपरीन घातलेली कॅप्सूल आणि रोजची इतर औषधे एकत्र घेणाऱ्यांनी मात्र विचारूनच घ्यावी.

मला सहा वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन बंद करून हळद व आवळा सुरू केला तर चालेल का? (सातारा)

नाही. हा समज ज्या चाचणीवरून पसरला तीही थायलंडचीच, 2012 सालची आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 240 जणांना नऊ महिने कुरकुमीनचा अर्क किंवा औषध नसलेली कॅप्सूल दिली गेली. दुसऱ्या गटातल्या 16.4 टक्के लोकांना या काळात मधुमेह झाला, तर अर्क घेणाऱ्यांपैकी एकालाही झाला नाही. निकाल इतका एकतर्फी आहे की त्यावर विसंबण्यापूर्वी तो दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या लोकांच्या हातून पुन्हा मिळावा असे कोणताही सावध वैद्यक म्हणेल. आणि मुख्य म्हणजे ते लोक मधुमेही नव्हते, आपण आहात. मेटफॉर्मिनच्या जागी हळद ठेवून पाहिलेली ही चाचणी नव्हे. औषधासोबत जेवणातली हळद आणि आवळा जरूर घ्यावा.

आमची अडीच एकर सेलम हळद आहे. एक व्यापारी कुरकुमीन जास्त असेल तर वेगळा दर देतो म्हणतो. हळद शिजवल्याने आणि पॉलिश केल्याने औषधी गुण जातो का? पूर्वी हरिपूरच्या पेवात ठेवत ती हळद जास्त गुणाची असे, असे आमचे आजोबा म्हणत. (पलूस)

या प्रश्नाने मला फार आनंद झाला, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

कुरकुमीनचे प्रमाण मुख्यतः वाणावर, नंतर जमिनीवर आणि काढणीच्या वेळेवर ठरते. देशात तीन टक्क्यांच्या आतबाहेर असलेल्या हळदीपासून मेघालयातल्या लाकाडोंगसारख्या सात टक्क्यांपर्यंत जाणाऱ्या हळदीपर्यंत सर्व प्रकार आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राने दिलेल्या फुले स्वरूपा या वाणात ते पाच टक्क्यांच्या पुढे जाते. व्यापाऱ्याने टक्के सांगितले की कोणत्या पद्धतीने मोजले, हे अवश्य विचारावे. एका पद्धतीत सर्व पिवळी द्रव्ये एकत्र मोजली जातात. दुसऱ्या, महागड्या पद्धतीत कुरकुमीन आणि त्याची दोन भावंडे वेगवेगळी मोजली जातात. एकाच पोत्याच्या नमुन्याचे दोन पद्धतींनी दोन आकडे येतात आणि दोन्ही खरे असतात. दर ठरवताना दोघांनी एकच पद्धत धरलेली बरी.

काढणीनंतर हळद शिजवतात ती औषधासाठी नव्हे. शिजवल्याने कंदाची उगवण थांबते, रंग आतपर्यंत सारखा पसरतो आणि वाळवण लवकर होते. हळकुंडात काडी सहज शिरली की आच काढायची, हे आपल्याला सांगायला नको. जास्त शिजली तर रंग काळपटतो आणि कमी शिजली तर हळकुंड मोडताना ठिसूळ लागते, इतकी ही बाब नाजूक आहे. स्वयंपाकघरातल्या शिजवण्याची मात्र प्रत्यक्ष मोजणी झालेली आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2007 साली दाखवले की शिजवताना हळदीतले कुरकुमीन 27 ते 53 टक्क्यांनी घटते आणि सर्वाधिक घट दहा मिनिटे प्रेशर कुकरमध्ये शिजवल्याने होते. पण सोबत चिंच असेल तर ही घट 12 ते 30 टक्क्यांवर येते. आमटीत चिंच-गूळ घालणाऱ्या आपल्या आज्यांनी हे मोजले नव्हते, आणि त्यांनी ते कुरकुमीन वाचवण्यासाठी केले, असेही मी म्हणणार नाही. चव हेच कारण त्यांना पुरेसे होते.

पॉलिशच्या ड्रममध्ये हळकुंडाची वरची खरबरीत साल आणि मुळ्या निघतात. कुरकुमीन आतल्या गरात असते, त्यामुळे तिथे फारसे काही जात नाही. धोका पॉलिशच्या वेळी वरून चढवलेल्या रंगाचा आहे. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

पेवाबद्दल आजोबांचे म्हणणे मी टाकून देणार नाही, पण त्याचा अर्थ वेगळा लावतो. हरिपूरच्या घट्ट मातीत खोदलेल्या त्या खोल खड्ड्यांत उजेड नव्हता आणि तोंड लिंपून बंद केल्यावर आतला प्राणवायू संपत जाई, म्हणून तर पेव उघडल्यावर माणसे लगेच आत उतरत नसत. अशा जागी कीड जगत नाही आणि उजेडाने होणारी रंगाची हानीही टळते. म्हणजे पेवाने गुण वाढत नव्हता, आहे तो टिकत होता. 2005 आणि 2019 च्या महापुरांनी त्या जागांचे काय केले, हे आपण पाहिले आहेच. आज तेच काम घरी करायचे असेल तर पूड वर्षभराची दळून न ठेवता हळकुंडे ठेवावीत, दोन-तीन महिन्यांपुरती दळावीत आणि पारदर्शक बरणीऐवजी झाकणाचा स्टीलचा डबा वापरावा.

सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा उल्लेख आपण पत्रात अभिमानाने केला आहे. मलाही तो आहे. परंतु ते मानांकन उगमाची आणि ओळखीची खूण आहे. औषधी गुणाचा दाखला म्हणून ते विकू नये.

ॲसिडिटीसाठी हळद उपयोगी की त्रासदायक? (कोरेगाव)

दोन्ही ऐकायला मिळते. जेवणानंतर पोट जड होणे, ढेकर, जळजळ, पण दुर्बिणीतून काही दोष न सापडणे, अशा रुग्णांवर थायलंडमध्ये झालेली एक चाचणी 2023 साली प्रसिद्ध झाली. तीत कुरकुमीन आणि ओमेप्राझोल हे पोटातले आम्ल कमी करणारे औषध यांचा परिणाम जवळपास सारखा आढळला. चाचणी सुरू करणारे 206 जण होते, पूर्ण करणारे 151. इतके लोक मधेच गळाले की निकाल थोडा सैल धरावा.

आतड्याच्या एका वेगळ्या आजाराचे उदाहरण इथे मात्रेसाठी देतो. मोठ्या आतड्याला व्रण होऊन रक्तमिश्रित शौच होते त्या आजारात, नेहमीच्या औषधाच्या जोडीला रोज तीन ग्रॅम कुरकुमीन दिल्यावर 2015 सालच्या एका चाचणीत निम्म्याहून अधिक रुग्ण महिन्याभरात शांत झाले, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत एकही नाही. दिल्लीच्या एम्समध्ये याच आजारात रोज 450 मिलिग्रॅम देऊन पाहिले, तेव्हा काहीही फरक दिसला नाही. द्रव्य एकच, आजार एकच, मात्रा सहा-सात पटींनी वेगळी. ‘हळद चालते का’ या प्रश्नाला ‘किती’ हे विचारल्याशिवाय उत्तर नसते, ते यामुळे. ज्यांच्या पित्ताशयात खडे आहेत त्यांनी मोठी मात्रा टाळावी, कारण कुरकुमीनने पित्ताशय आकुंचन पावते आणि खडा हलून अडकण्याचा संभव असतो.

वडिलांना कर्करोग असून केमोथेरपी चालू आहे. नातेवाइकांनी रोज दोन चमचे हळदीचा काढा सुचवला आहे. हळद कर्करोगाच्या पेशी मारते, असे प्रयोगशाळेत सिद्ध झाल्याचे ते सांगतात. काय करावे? (कराड)

नातेवाईक खोटे बोलत नाहीत. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर कुरकुमीन ओतले की त्या मरतात, असे दाखवणारे शोधनिबंध हजारोंनी आहेत. पण बशीत ओतलेली मात्रा आणि माणसाच्या रक्तात पोचणारी मात्रा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अमेरिकेत स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या 25 रुग्णांना रोज आठ ग्रॅम कुरकुमीन देऊन पाहिले गेले आणि 2008 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एवढी मोठी मात्रा देऊनही रक्तातले प्रमाण अत्यल्प राहिले. ज्यांचे मूल्यमापन करता आले अशा 21 जणांपैकी दोघांत काही परिणाम दिसला, त्यातल्या एकाची गाठ लहान झाली ती थोड्या काळापुरती.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आमच्या क्षेत्राबाहेर फारशी कोणी सांगत नाही. नवीन औषध शोधताना हजारो द्रव्ये यंत्रावर तपासली जातात. एखाद्या द्रव्याने ठरावीक प्रथिनाला अडवले की चमक बदलते आणि यंत्र त्याची नोंद घेते. कुरकुमीन स्वतःच चमकते, प्रथिनांना कुठेही चिकटते, शरीराच्या सामू व तापमानाच्या साध्या द्रावणात अर्ध्या तासात नव्वद टक्के विघटित होते, आणि त्या तुकड्यांचेही परिणाम असतात. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक तपासणीत ते ‘उपयोगी’ असल्याची खोटी वर्दी येते. अमेरिकेतल्या औषध-रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने 2017 साली हा सगळा पसारा तपासला आणि शंभराहून अधिक चाचण्या होऊनही कुरकुमीनच्या यशाची निर्णायक साक्ष देणारी एकही काटेकोर चाचणी त्यांना सापडली नाही, असे स्पष्ट लिहिले. मला हा निष्कर्ष किंचित कठोर वाटतो, कारण गुडघेदुखीच्या चाचण्या अगदीच दुर्लक्षिण्यासारख्या नाहीत. पण कर्करोगापुरता तो मला मान्य आहे. त्यात भर म्हणजे या विषयावर सर्वाधिक लिहिणाऱ्या टेक्सासमधल्या एका संशोधकाचे पंचवीसहून अधिक शोधनिबंध, त्यांतल्या चित्रांविषयी शंका आल्यामुळे, नियतकालिकांनी मागे घेतले आहेत. ते निबंध आधार धरून लिहिलेले लेख मात्र आजही मोबाइलवर फिरत असतात.

आपल्या वडिलांचे काय, हा प्रश्न उरतोच. केमोथेरपीतली काही औषधे यकृतातल्या ज्या मार्गाने बाहेर पडतात त्याच मार्गावर कुरकुमीन आणि विशेषतः पायपरीन अडथळा आणू शकतात. रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) कमी झालेल्या असताना रक्तस्रावाची भीती असते ती वेगळीच. म्हणून उपचार चालू असेपर्यंत काढा आणि कॅप्सूल दोन्ही नकोत. जेवणातली हळद चालेल. नातेवाइकांचे मन मोडायचे नसेल तर त्यांना रुग्णालयात सोबत न्यावे आणि हाच प्रश्न कर्करोगतज्ज्ञांना त्यांच्यासमोर विचारावा. घरातल्या वादापेक्षा ते सोपे जाते.

विकतच्या हळदीत भेसळ असते ती घरी कशी ओळखावी? (वाई)

भेसळ दोन प्रकारची असते आणि दोन्हींची जात वेगळी आहे. पहिली मेटॅनिल यलो या कापडी रंगाची. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवावी. शुद्ध हळद तळाशी बसताना पाणी फिकट पिवळे राहते, रंग मिसळलेला असेल तर पाण्यात गडद पिवळे लोट उतरताना दिसतात. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाची चाचणी अधिक खात्रीची आहे. हळदीचा रंग आम्लाने बदलतो, पण पाणी घातल्यावर तो बदल जातो. मेटॅनिल यलोचा गुलाबी-जांभळा रंग पाणी घातले तरी टिकतो. ही चाचणी प्रयोगशाळेतच करावी, घरी नव्हे.

दुसरी भेसळ लेड क्रोमेट या शिसेयुक्त पिवळ्या पुडीची. ती हळकुंडाला पॉलिशच्या वेळी चोळली जाते. बांगलादेशात 1980 च्या दशकातल्या मोठ्या पुरानंतर भिजून मंद रंगाची झालेली हळद खपवण्यासाठी ही रीत सुरू झाली असे तिथल्या संशोधनातून पुढे आले. कृष्णेचा पूर पाहिलेल्या आपल्याला तो मोह समजायला वेळ लागू नये. तिथे 2019 साली बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसे सापडले. सरकारने जाहीर कारवाई केली, व्यापाऱ्यांना यंत्राने जागच्या जागी तपासून दंड केला, आणि 2021 साली हे प्रमाण शून्यावर आले. हे मी मुद्दाम लिहितो, कारण ‘भेसळ कधी थांबणार नाही’ असे म्हणण्याची आपल्याला सवय लागली आहे. भारतासह चार देशांतल्या तेवीस शहरांची पाहणी 2024 साली प्रसिद्ध झाली. तीत 14 टक्के नमुन्यांत शिसे आढळले, आणि पाटण्यातल्या काही नमुन्यांतले प्रमाण भयावह होते. आपल्याकडे कायद्याने किलोमागे दहा मिलिग्रॅमपर्यंत शिसे चालते.

शिसे पाण्याच्या ग्लासात दिसत नाही, हे मात्र नीट ध्यानात ठेवावे. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि त्याची सुरक्षित अशी पातळी नाही. हळकुंड विकत घेताना मोडून पाहावे: आत नारिंगी-पिवळे आणि बाहेर मळकट असेल तर ठीक, बाहेरून लिंबासारखे लख्ख पिवळे असेल आणि हाताला चिकटत असेल तर ते परत ठेवावे.

जखमेवर हळद लावणे शास्त्रीय आहे का? अमेरिकेने आपल्या हळदीचे पेटंट घेतले होते ते हेच ना? (विटा)

तेच. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन भारतीय वंशाच्या संशोधकांना मार्च 1995 मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली. गंमत अशी की ‘आमच्या घराघरांत लावतात’ हे सांगून भागत नव्हते. छापील पुरावा हवा होता. संस्कृत ग्रंथांतले उतारे आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला 1953 सालचा लेख यांसह बत्तीस संदर्भ दाखल केले गेले, आणि 1997 साली पेटंट रद्द झाले. पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह उभारण्याची कल्पना याच लढाईतून पुढे आली.

पण पेटंट रद्द झाले ते ‘हे नवे नाही’ म्हणून. हळदीने जखम भरते हे सिद्ध झाल्याने नव्हे. या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. कुरकुमीन काही जंतूंची वाढ रोखते आणि दाह कमी करते, हे प्रयोगशाळेत दिसते. डब्यातली पूड मात्र निर्जंतुक नसते. शेतात विळा लागून झालेली खोल जखम वाहत्या पाण्याने धुवावी, स्वच्छ फडक्याने दाबावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. हळद भरल्याने टाके घालणाऱ्या डॉक्टरांना जखमेची खोली दिसत नाही, हा अनुभव कोणत्याही ग्रामीण दवाखान्यात विचारावा. बाळाच्या नाळेवर हळद अजिबात नको. नाळ कोरडी आणि उघडी ठेवावी.

कुरकुमीनच्या कॅप्सूलने माझ्या मैत्रिणीला कावीळ झाली, असे डॉक्टर म्हणाले. हळदीने कावीळ कशी होईल? (सांगली)

होऊ शकते, आणि आपल्या मैत्रिणीचे डॉक्टर जागरूक आहेत. औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या एका जाळ्याने 2022 साली हळदीच्या उत्पादनांशी जोडलेले दहा रुग्ण प्रसिद्ध केले. ते सर्व 2011 नंतरचे होते. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एक दगावला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण सापडली, म्हणजे सर्वांनाच हा धोका सारखा नाही. भेसळीचा संशय घेऊन गोळ्या तपासल्या तर त्यांत खरोखर हळदच निघाली. इटलीतही असे रुग्ण आढळल्यावर तिथल्या सरकारने वेष्टनावर इशारा छापायला लावला.

शतकानुशतके आमटीत असलेली हळद आणि ही कॅप्सूल यांत फरक कुठे पडला, याचे संभाव्य उत्तर शोषणात आहे. न शोषले जाणे हीच स्वयंपाकातल्या हळदीची सुरक्षितता होती. पायपरीन घालून किंवा अतिसूक्ष्म कण करून तो बांध फोडला की यकृतापुढे पूर्वी कधी न आलेली मात्रा येते. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने कुरकुमीनची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनाला तीन मिलिग्रॅम इतकी धरली आहे. साठ किलोच्या माणसाला ती 180 मिलिग्रॅम होते, आणि बाजारातली एकच कॅप्सूल बहुधा तिच्या पलीकडे जाते. वॉरफरीन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी तर या कॅप्सूलच्या वाटेलाच जाऊ नये. न्यूझीलंडच्या औषध नियामकाने 2018 साली कळवलेल्या एका रुग्णात हळदीचे उत्पादन सुरू केल्यावर रक्त गोठण्याची चाचणी धोकादायक पातळीच्या वर गेली होती. मूतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनीही सांभाळावे, कारण हळदीत विरघळणारे ऑक्झलेट बरेच असते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी कॅप्सूल बंद करावी.

आपल्या मैत्रिणीने त्या कॅप्सूल पुन्हा कधीही घेऊ नयेत, ‘कमी मात्रेत’ म्हणूनही नाही. पुढच्या तपासणीला जाताना बाटली फेकून न देता सोबत न्यावी. लेबलवर पायपरीन, बायोपेरिन (पायपरीनचेच एक व्यापारी नाव) किंवा काळ्या मिऱ्याचा अर्क यांपैकी काय लिहिले आहे, ते डॉक्टरांना पाहायचे असते.